वाचक विचारतात : पैसा हंगामाचा, खर्च बारा महिन्यांचा

ठरवलेली बचत मध्येच का मोडते, असं विचारणारी पत्रं या वेळी जास्त आहेत. कपाशीच्या पट्ट्यातूनही आहेत आणि धानाच्या पट्ट्यातूनही. त्यातल्या सात पत्रांना इथे उत्तर देतो आहोत. व्याजाचे दर आणि योजनांचे नियम सरकार वेळोवेळी बदलतं, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशी पोस्टात किंवा बँकेत एकदा विचारून घ्या.

प्रश्न : पाच एकर कोरडवाहू शेती आहे. तीन एकरांत कपाशी, दोन एकरांत सोयाबीन आणि मधून तुरीच्या ओळी. दरवर्षी पाडव्याला ठरवतो की महिन्याला 2,000 बाजूला टाकायचे. दोन महिने जमतं, मृग लागला की थांबतं, आणि पोळ्यापर्यंत टाकलेलेही निघून जातात. बी-खत दरवर्षी कृषी केंद्रातून उधारीवरच येतं. यातून निघायचं कसं?
— एक शेतकरी, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, खोट तुमच्या निश्चयात नाही, मापात आहे. महिन्याला अमुक इतके, हे पगारदाराचं माप. तुमच्या घरात पैसा ऑक्टोबर ते मार्च येतो आणि जून ते सप्टेंबर नुसता जातो. त्यात सुरुवात करता पाडव्याला, म्हणजे तूर विकून झाल्यावर, पुढचे सहा महिने काही यायचं नसताना. ते मोडणारच.

आधी वहीचं एक पान घ्या आणि गेल्या हंगामात पैसा कधी आला ते लिहा. माल विकल्याची तारीख लिहू नका, चुकारा खात्यात जमा झाल्याची तारीख लिहा. दोन्हींत कधी आठ दिवसांचं अंतर असतं, कधी महिन्याचं. काटापट्टी (मालाच्या वजनाची पावती) आणि पासबुक समोर ठेवलं की हे पान अर्ध्या तासात होतं. बहुतेकांच्या पानावर पाच-सहा ओळी निघतात : सोयाबीन, कापसाच्या दोन-तीन खेपा, तूर, आणि असलाच तर हरभरा. तुमची बचत करायची वेळ वर्षातून एवढीच. बाकीच्या महिन्यांत स्वतःला दोष देऊ नका.

आता उद्दिष्ट. ‘पैसे साठवायचे’ एवढ्यावर काही होत नाही. कशासाठी, किती आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे तिन्ही हवं. तुमच्यासाठी आम्ही एकच सुचवू : 1 जूनला बी-खताचे पैसे रोख हातात. गेल्या वर्षीचं उधारीचं बिल काढा आणि त्याच मालाचे रोखीचे भाव विचारून शेजारी लिहा. समजा रोखीत 28,000 आणि डिसेंबरात चुकवताना 32,000 झाले. सहा महिन्यांचे 4,000 म्हणजे शेकडा 14 च्या वर, वर्षाचं धरलं तर शेकडा 28 च्या वर. पोस्टाच्या पाच वर्षांच्या आरडीला (दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव) ऑक्टोबर 2023 पासून 6.7 टक्के व्याज आहे. म्हणजे स्वतःच्या बी-खतासाठी वाचवलेला रुपया जेवढं वाचवतो, तेवढं कोणतीच सुरक्षित ठेव देत नाही. शिवाय उधारीच्या बिलात तुम्ही न मागितलेल्या टॉनिकच्या बाटल्याही असतात, नीट पाहा. उधारीवर घेणाऱ्याला ‘हे नको’ म्हणता येत नाही. रोखीने घेणारा दुसऱ्या दुकानात जाऊ शकतो.

28,000 ला बारा महिन्यांनी भागू नका, खेपांमध्ये वाटा. सोयाबीनचा चुकारा आला की 6,000. कापसाच्या पहिल्या वेचणीतून काहीच नाही : सीतादही (वेचणी सुरू करतानाची पूजा) झाली की वेचणीची मजुरी, दिवाळी आणि आधीची देणी एकदमच उभी राहतात. वेचणीला किलोमागे 10 रुपये धरले तरी क्विंटलला हजार रुपये रोख मोजावे लागतात. त्या पैशावर बचतीचा डोळा ठेवला की मोडलीच म्हणून समजा. दुसऱ्या खेपेतून 10,000, तिसरीतून 6,000, तुरीतून 6,000. झाले 28,000.

पीक कमी आलं तर? म्हणून आकड्याशेजारी वाटाही लिहून ठेवा. दुसरी खेप 40,000 ची धरली असेल तर 10,000 म्हणजे पाव हिस्सा. बोंडअळीने खेप 24,000 वर आली तर 6,000 टाका, पण पाव हिस्सा सोडू नका. उद्दिष्ट थोडं कमी भरेल आणि तेवढीच उधारी उरेल. ‘यंदा दहा होत नाहीत, मग राहू द्या’ म्हणून सोडून देणं, इथेच बहुतेक घरं अडकतात.

पैसा ठेवायचा कुठे, हेही महत्त्वाचं. ज्या खात्यात चुकारा येतो आणि ज्याचं एटीएम कार्ड खिशात असतं, तिथे तो राहत नाही. जमा झाल्याच्या दिवशीच बँकेत छोटी मुदत ठेव करा आणि मुदत अशी मागा की ती मेच्या शेवटच्या आठवड्यात संपेल. प्रत्येक खेपेची पावती वेगळी ठेवा. अडचण आलीच तर एक 6,000 ची पावती मोडेल, बाकीच्या शाबूत राहतील. 28,000 ची एकच पावती असली तर 3,000 साठी सगळी मोडावी लागते.

या सगळ्याच्या वर वहीत एक ओळ लाल शाईने लिहा : पीककर्ज भरण्याची तारीख. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून व्याज शून्यावर येतं. तारीख चुकली की सवलत गेली. सोसायटीतून तारीख लिहून आणा, अंदाजावर राहू नका. पीएम किसान आणि नमो शेतकरी यांचे 2,000 चे हप्ते बी-खताच्या हिशेबात धरू नका, त्यांच्या तारखा मागेपुढे होतात. ते आले की दवाखान्यासाठी वेगळे ठेवा.

प्रश्न : मी रोजमजुरी करते. रोवणी, निंदण आणि धान कापणीला काम असतं, उन्हाळ्यात नसतं. मे महिन्यात तेंदूपान तोडायला जातो. मुलगी दहावीत आहे. पुढच्या जूनमध्ये तिला तालुक्याला अकरावीत घालायचं आहे, 10,000 तरी हवेत. मजुरीतून हे होईल का?
— एक वाचक, ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

उत्तर : ताई, नुसत्या मजुरीतून होणार नाही, हे आधीच सांगतो. पण तीन ठिकाणांहून थोडं थोडं काढलं तर होईल.

पहिलं, कामाचे दिवस मोजा. महिने मोजू नका. वर्षाला 130 दिवस काम मिळत असेल आणि कामाच्या प्रत्येक दिवशी 30 रुपये बाजूला काढले तर 3,900 होतात. काम नाही त्या दिवशी काहीच टाकायचं नाही आणि त्याचं वाईटही वाटून घ्यायचं नाही. दुसरं, लाडकी बहीण योजनेचे 1,500 तुम्हाला मिळत असतील तर त्यातले 350 दरमहा काढा. बारा महिन्यांचे 4,200 होतात. मधले एक-दोन हप्ते उशिरा येतील, ते आल्यावर मागचे धरून टाका. हे 8,100 झाले. उरलेले 1,900 तेंदूपानाच्या मजुरीतून घ्यायचे, पण तिथे सांभाळून. पुडे मोजून दिले तरी पैसा कधी फडीवर (पानं जमा करण्याच्या जागी) मिळतो, कधी काही आठवड्यांनी खात्यात येतो, आणि बोनस तर खूप उशिरा येतो. प्रवेश जूनमध्ये आहे. म्हणून प्रवेश शुल्क आणि पुस्तकं 8,100 मध्येच बसवा. गणवेश, सायकलची दुरुस्ती, खोलीचं भाडं अशा थांबू शकणाऱ्या गोष्टी तेंदूच्या पैशावर ठेवा.

30 रुपये कधी काढायचे? मजुरी आठवड्याने मिळत असेल तर बाजाराच्या आदल्या रात्री. बाजारातून आल्यावर उरलेले टाकू म्हटलं तर उरत नाहीत. झाकणाला चीर पाडलेला डबा घ्या, तो धानाच्या कोठीत किंवा सहज हात जाणार नाही अशा जागी ठेवा, आणि डब्यात 500 झाले की खात्यात भरा. 500 च्या वर घरात ठेवू नका. सणाला, पाहुण्याला, कोणाच्या तरी मोबाइलच्या रिचार्जला त्याच डब्यातून निघतात.

गावातल्या बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रात पैसे भरताना छापील पावती घेतल्याशिवाय उठू नका. ‘सर्व्हर गेलं, पुन्हा अंगठा लावा’ म्हटलं तर पहिला व्यवहार झाला की नाही, हे आधी तपासायला सांगा. अंगठा एकदा लागला की एक व्यवहार होऊ शकतो, आणि भरायला गेलेल्याच्या खात्यातून चुकून पैसे निघाल्याच्या तक्रारी यातूनच येतात. महिन्यातून एकदा पासबुक छापून आणा आणि मुलीला वाचायला लावा.

आणखी एक. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेला वर्षाला 20 रुपये लागतात आणि अपघाती मृत्यूला 2 लाखांचं संरक्षण मिळतं. मे अखेरीस खात्यात 20 रुपये शिल्लक नसले तर ते बंद पडतं. डबा भरताना मेमध्ये एवढं लक्षात ठेवा.

प्रश्न : सावकाराचे 20,000 आहेत, शेकडा 3 महिन्याला. दुसरीकडे मी पोस्टात 1,000 ची आरडीही भरतो. आरडी चालू ठेवू की बंद करू?
— एक वाचक, ता. चिखली, जि. बुलढाणा

उत्तर : आधी सावकार. 20,000 वर महिन्याला 600, वर्षाला 7,200 व्याज जातं. तुमच्या आरडीत पहिल्या वर्षी 12,000 जमा झाल्यावर व्याज पडतं जेमतेम 435 च्या आसपास. एका हाताने 435 मिळवायचे आणि दुसऱ्या हाताने 7,200 द्यायचे, यात तुमची मेहनत वाया जाते आहे.

पण पोस्टाची आरडी तीन वर्षांआधी मोडता येत नाही. वर्ष पूर्ण होऊन बारा हप्ते भरले असतील तर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं आणि त्याचं व्याज आरडीच्या दरापेक्षा 2 टक्के जास्त असतं. ते उचलून सावकाराला द्या, फायदाच आहे. वर्ष झालं नसेल तर हप्ते थांबवायचे की नाहीत, हे पोस्टमास्तरांशी बोलून ठरवा. लागोपाठ चार हप्ते चुकले की खातं खंडित होतं आणि ते पुन्हा सुरू करायला दोनच महिने मिळतात.

आरडीचे 1,000 आणि व्याजाचे 600, असे 1,600 दरमहा सावकाराला दिले आणि त्याने मुद्दल त्या त्या महिन्याला कमी केलं, तर 16 महिन्यांत खातं मिटतं. अडचण अशी की ‘मुद्दल एकरकमीच घेईन’ असं बरेच जण म्हणतात. मग 10,000 साठेपर्यंत बँकेत ठेवा आणि ते एकदम द्या. त्या महिन्यापासून व्याज 300 वर आलं पाहिजे. दोघांच्या सहीची पावती घ्या. महाराष्ट्र सावकारी अधिनियम, 2014 नुसार परवाना लागतो, पावती द्यावी लागते आणि शेतकऱ्याला तारणी कर्ज वर्षाला 9 टक्के, विनातारण 12 टक्क्यांच्या वर देता येत नाही. तुमचा दर वर्षाला 36 टक्के आहे. कोऱ्या कागदावर सही किंवा जमिनीची खरेदी करून दिली असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे लेखी तक्रार करा. व्याजाखाली गेलेली जमीन परत मिळवण्याची तरतूद याच कायद्यात आहे.

कर्ज फिटेपर्यंत बचत अगदी शून्य ठेवू नका. 3,000 वेगळे असू द्या. नाहीतर घरात ताप आला की पाय पुन्हा त्याच ओट्याकडे वळतात.

प्रश्न : आमचा बारा जणींचा बचत गट आहे, महिन्याला 100 टाकतो. दोन वर्षांत मिनी दालमिल घ्यायची आहे, आमचा स्वतःचा वाटा 60,000 भरावा लागेल. अध्यक्ष म्हणतात महिना 500 करा. चार जणी गट सोडायचं म्हणत आहेत.
— एक सदस्य, ता. मोर्शी, जि. अमरावती

उत्तर : ताई, 500 ची गरजच नाही. 60,000 भागिले 12 जणी, भागिले 24 महिने : 208 रुपये येतात. हा भागाकार मिटिंगमध्ये सगळ्यांसमोर फळ्यावर करा, निम्मं भांडण तिथेच मिटेल.

पण सरसकट 200 केलं तरी श्रावण-भादव्यात काही जणी मागे पडतील. गटाची वर्गणी सगळ्यांत सबळ बाईच्या चांगल्या महिन्यावर ठरवली की गट फुटतो. ती सगळ्यांत अडचणीतल्या बाईच्या ऑगस्टवर ठरवा. जून ते सप्टेंबर चार महिने 100, बाकीचे आठ महिने 250. वर्षाचे प्रत्येकीचे 2,400, बारा जणींचे दोन वर्षांचे 57,600. उरलेले 2,400 अंतर्गत कर्जाच्या व्याजातून सहज निघतील. रक्कम सगळ्यांची सारखीच ठेवा. ज्यांना जास्त टाकायचं आहे त्यांची ऐच्छिक बचत वेगळ्या रकान्यात लिहा, नाहीतर पुढे नफा वाटताना वाद होतो.

दुसरी चूक शेवटच्या टप्प्यात होते. वहीत 60,000 दिसतात, पण पैसा सगळा कर्जात फिरत असतो आणि मिल घ्यायच्या दिवशी खात्यात 9,000 निघतात. म्हणून शेवटचे चार महिने नवीन कर्ज द्यायचं नाही, आणि त्याआधी दिलेल्या कर्जाची परतफेड तुरीच्या किंवा संत्र्याच्या पैशाच्या वेळेला लावायची, असा ठराव आजच लिहा. पेटी एका घरी, किल्ली दुसऱ्या घरी, बँकेचं पासबुक तिसऱ्या घरी. आणि प्रत्येक मिटिंगला शिल्लक मोठ्याने वाचायची. अध्यक्षांवर अविश्वास म्हणून नव्हे, त्यांच्यावर उद्या बोट येऊ नये म्हणून.

मशीनचं अंदाजपत्रक घेताना वीजजोडणी, शेड आणि पहिल्या खेपेची तूर खरेदी यांचे पैसे वेगळे मांडा. मिल आली आणि तूर घ्यायला पैसा नाही, असं होऊ देऊ नका.

प्रश्न : गावात एक एजंट येतो. पतसंस्थेत पाच वर्षांत दामदुप्पट म्हणतो. टाकावेत का?
— एक वाचक, ता. कारंजा, जि. वाशीम

उत्तर : पाच वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला जवळपास 15 टक्के. पोस्टाच्या किसान विकास पत्रात एप्रिल 2023 पासूनच्या 7.5 टक्के दराने दुप्पट व्हायला 115 महिने लागतात, म्हणजे साडेनऊ वर्षांच्या वर. ही तफावत कुठून भरून निघणार, हे एजंटाला विचारा. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, माणशी 5 लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेला ते नाही. पावतीवर ‘बँक’ आहे की ‘पतसंस्था’, नीट वाचा. मुलीच्या शिक्षणाचा किंवा बी-खताचा पैसा तिथे टाकू नका. रोज घरी येऊन गोळा करणाऱ्या दैनिक बचतीतही मुदतीआधी मोडलं तर किती कापतात, ते पहिल्या दिवशीच लेखी घ्या.

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची आहे. सुकन्या समृद्धीत दरमहा भरणं जमत नाही, संत्र्याचा पैसा वर्षातून एकदाच येतो. मग खातं उघडू की नको?
— एक बागायतदार, ता. आष्टी, जि. वर्धा

उत्तर : उघडा, आणि लवकर. मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत उघडावं लागतं. दरमहा भरण्याची सक्ती नाही. वर्षाला किमान 250, जास्तीत जास्त दीड लाख, कधीही आणि कितीही वेळा. एखादं वर्ष पूर्ण चुकलं तर 50 रुपये दंड भरून खातं पुन्हा चालू होतं. मृग बहाराचा पैसा फेब्रुवारी-मार्चमध्ये आला तर तो 5 एप्रिलच्या आत भरा. महिन्याच्या 5 तारखेनंतर भरलेल्या रकमेला त्या महिन्याचं व्याज मिळत नाही, आणि एप्रिलच्या सुरुवातीला भरलेल्याला वर्षभर मिळतं.

पंधरा वर्षं भरायचं असतं आणि खातं उघडल्यापासून 21 वर्षांनी पिकतं, म्हणजे तुमची मुलगी तेव्हा 27 ची असेल. वर्षाला 12,000 भरले आणि जानेवारी 2024 पासूनचा 8.2 टक्के दर तसाच राहिला तर साडेपाच ते पावणेसहा लाख होतात. व्याजदर दर तिमाहीला ठरतो, म्हणून हा आकडा दगडावरची रेघ समजू नका. शिक्षणासाठी ती 18 ची झाल्यावर किंवा दहावी पास झाल्यावर निम्म्यापर्यंत काढता येतात. अर्ज करताना प्रवेशाचे कागद लागतात.

दहावीआधी लागणाऱ्या खर्चाला मात्र हे खातं उपयोगी नाही. त्यासाठी पोस्टाची आरडी घ्या आणि वर्षाचे बारा हप्ते एकदमच आगाऊ भरा. बारा हप्ते एकत्र भरले की दर 100 च्या हप्त्यामागे 40 रुपये सूट मिळते, सहा भरले तर 10. वर्षातून एकदाच पैसा येणाऱ्यांसाठी ही फार सोयीची गोष्ट आहे आणि काउंटरवर आपणहून कोणी सांगत नाही. विचारावी लागते.

प्रश्न : बुटीबोरीला कंपनीत आहे, हातात 13,000 येतात. दोन वर्षांत गाडीसाठी 40,000 जमवायचे आहेत. मित्र म्हणतो एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक गुंतवणूक) कर.
— एक वाचक, ता. हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : दोन वर्षांच्या कामाचा पैसा शेअर बाजारावर ठेवू नका. गाडी घ्यायच्या महिन्यात बाजार खाली असला तर थांबायला तुमच्याकडे वेळ नाही. बँकेची 24 महिन्यांची आरडी करा. 6.5 टक्के धरले तर महिना 1,600 मध्ये 41,000 च्या आसपास होतात. हप्ता पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप कापला जाईल असं लिहून द्या. महिनाअखेरीची तारीख दिली तर तोवर खातं रिकामं झालेलं असतं.

1,600 ची एकच आरडी करण्यापेक्षा 1,000 आणि 600 अशा दोन करा. ओव्हरटाइम बंद झाला किंवा घरी सोंगणीला पैसे पाठवावे लागले तर 600 ची बंद करता येईल. 1,000 ची चालू राहील आणि गाडी पुढच्या दिवाळीपर्यंत लांबेल, एवढंच.